तंबूच्या हलक्या खुंट्या: वजन कुठे वाचवायचं आणि कुठे नाही

रात्री दोनच्या सुमाराला तंबूचं छत माझ्या तोंडावर आलं. ओलं, गार कापड, आणि वरून वारा त्याला थपडा मारतोय. शेजारी ताई उठून बसली. "अगं, खुंटी निघाली वाटतं," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. हेडटॉर्च लावून बाहेर आले, तणावा चाचपत त्याच्या टोकापर्यंत गेले, आणि बघते तर खुंटी जागच्या जागी. बोटभरही वर आलेली नव्हती. फक्त तिचा आकडा फिरला होता. संध्याकाळी मी ती रोवली तेव्हा आकड्याचं तोंड तंबूच्या विरुद्ध बाजूला होतं. वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याने ती गोल काडी ओल्या मातीत थोडी थोडी वळत गेली, तोंड तंबूकडे आलं, आणि तणाव्याचा फास त्यातून अलगद सुटला.

आमचा तंबू चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा. एका टोकाचा तणावा सुटला की काठी आडवी आणि काठीबरोबर सगळं छत खाली. त्या वेळी माझ्याकडे दहा खुंट्या होत्या, दहाही सारख्याच: टायटॅनियमच्या, आकड्याच्या, प्रत्येकी साडेसहा ग्रॅम. एकूण 65 ग्रॅम. काट्यावर तो आकडा फार छान दिसत होता. तेव्हापासून मी उलट्या बाजूने विचार करते: आधी ताण कुठे येतो ते बघायचं, मग जमीन, आणि वजन त्यानंतर.

आधी तंबूकडे बघा

खुंट्या विकत घेण्याआधी तंबू एकदा पूर्ण ताणून उभा करा आणि त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा. प्रत्येक तणाव्याला हाताने थोडी ओढ द्या, मग तो क्षणभर सैल करा. काही तणावे सैल केले की कापडाला नुसती सुरकुती पडते. काही सैल केले की तंबूचा आकारच ढासळतो. हे दुसऱ्या प्रकारचे तणावे म्हणजे तुमचे मुख्य बिंदू, आणि हलक्या वजनाचा मोह तिथे आवरायचा.

स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू असेल तर मुख्य बिंदू कमी असतात. खुंट्या नसतानाही तो उभा असतो. खुंट्या त्याला उडू देत नाहीत आणि बाहेरचं कापड आतल्या कापडापासून लांब ठेवतात. काठ्यांवरच्या तंबूत मात्र खुंटी हा सांगाड्याचाच भाग. माझ्या तंबूला दहा बिंदू आहेत. त्यातले चार मुख्य: छताच्या कण्याची दोन टोकं आणि दोन्ही दारांसमोरचे दोन. चार कोपरे मधल्या दर्जाचे. उरलेले दोन, बाजूच्या भिंती बाहेर ओढणारे, त्यांच्यावर फारसा भार नसतो. तुमच्या तंबूचं गणित वेगळं असेल, पण अशी तीन गटांत विभागणी जवळजवळ प्रत्येक तंबूची करता येते.

वाऱ्याचा जोर कसा वाढतो हे एकदा आकड्यांत बघून ठेवलेलं बरं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर उभ्या कापडावर साधारण 6 किलोचा जोर लावतो. ताशी 72 किलोमीटरचा वारा 24 किलोचा. म्हणजे संध्याकाळी मंद वाऱ्यात खुंटी घट्ट लागली, यावरून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय वारा सतत एकसारखा ढकलत नाही. तो हिसके देतो, सोडतो, पुन्हा हिसके देतो, आणि मातीतली खुंटी या हिसक्यांनीच सैल होते किंवा माझ्यासारखी फिरते.

आणखी एक गोष्ट, जिला एक ग्रॅमही लागत नाही. तणावा लांब ठेवा. तणावा जमिनीशी 60 अंशांचा कोन करत असेल तर ताणाचा सुमारे 87 टक्के भाग खुंटी वर उपटण्यात जातो. तोच कोन 30 अंशांचा केला तर निम्मा. खुंटी आडव्या ओढीला चांगली तोंड देते, कारण समोर मातीची भिंत असते. सरळ वर ओढलं तर तिला धरायला फक्त मातीचं घर्षण उरतं. त्यामुळे मुख्य बिंदूंच्या दोऱ्या मी नेहमी गरजेपेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त ठेवते. जड खुंटी घेण्याआधी हे करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

आकार: खुंटी मातीला किती पाठ देते

आकड्याची बारीक सळई ही सगळ्यात हलकी. तीन मिलिमीटर जाड टायटॅनियमची, 15-16 सेंटिमीटरची खुंटी साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरते. दगडगोट्यांच्या जमिनीत ती वाट काढत आत जाते, कारण तिला जागाच कमी लागते. तोच तिचा दोष. मातीला अडवायला तिच्याकडे पाठ नाही, आणि गोल असल्यामुळे ती स्वतःभोवती फिरू शकते. घट्ट, मुळांनी बांधलेल्या गवताळ जमिनीत किंवा मुरमात ती छान काम करते. भुसभुशीत, ओल्या जमिनीत मुख्य तणाव्याला ती मी पुन्हा कधी लावली नाही.

वाय आकाराची, म्हणजे तीन पाती असलेली खुंटी, हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मधला मार्ग. कुठल्याही बाजूने ओढ आली तरी एखादं पातं आडवं येतंच, म्हणून ती फिरत नाही. तीन पात्यांमुळे ती वाकतही नाही सहजी. एमएसआर या कंपनीची ग्राउंडहॉग या प्रकारातली सगळ्यांच्या ओळखीची: 19 सेंटिमीटर, 13-14 ग्रॅम. तिचीच छोटी आवृत्ती 15 सेंटिमीटर आणि 10 ग्रॅम. इतर अनेक कंपन्यांच्या वाय खुंट्या जवळपास याच मापाच्या असतात, त्यामुळे हे आकडे तुलनेसाठी मनात ठेवा. दुसरी कुठली 19 सेंटिमीटरची वाय खुंटी 9 ग्रॅम भरत असेल तर पाती पातळ केलेली असणार. हातात घेऊन बघा.

व्ही आकाराची खुंटी वायपेक्षा थोडी हलकी असते आणि एकात एक बसून पिशवीत जागा कमी घेते. मऊ जमिनीत ती चांगली धरते. पण कडक जमिनीत दगडावर आपटली की तिची पाती उघडतात किंवा मिटतात, आणि एकदा आकार बिघडला की ती पूर्वीसारखी राहत नाही. जाडसर नळीच्या खिळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या खुंट्याही मिळतात. त्या सरळ आत जातात, ठोकायला सोप्या. घेताना फक्त वरची टोपी घट्ट आहे ना हे पिळून बघा, कारण चिकट मातीतून उपटताना टोपी हातात आणि नळी जमिनीत असं होतं. कार्बन फायबरच्या खुंट्या वजनाला फार सुरेख, पण तिरका घाव बसला तर त्या वाकत नाहीत, मोडतात. जिथे हाताने दाबून खुंटी आत जाते अशाच जमिनीसाठी त्या ठीक.

धातू आणि जाडी

पोलादाची घनता सुमारे 7.8, टायटॅनियमची 4.5, ॲल्युमिनियमची 2.7 ते 2.8. यावरून ॲल्युमिनियम नेहमीच हलकं असं वाटेल, पण तसं नाही. टायटॅनियम जास्त ताठ असल्यामुळे त्याची बारीक सळई चालते. ॲल्युमिनियमची तेवढीच बारीक सळई पहिल्या दगडालाच वाकेल, म्हणून त्याला वाय किंवा व्हीसारखा आकार द्यावा लागतो. थोडक्यात, सळई हवी तर टायटॅनियम, पाती हवी तर ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियममध्येही फरक आहे. 7075 हा मिश्रधातू 6061 पेक्षा कायमचा वाकायला सुमारे पावणेदोन पट जोर मागतो (दोन्ही टी6, म्हणजे तापवून कडक करण्याची, प्रक्रिया केलेले असतील तर). वजन जवळजवळ सारखंच. खुंटीवर किंवा वेष्टनावर 7075 किंवा "7000 मालिका" लिहिलेलं असेल तर ते बघून घ्या. काहीच लिहिलेलं नसेल तर मी मुख्य बिंदूंसाठी ती घेत नाही.

टायटॅनियमच्या सळईत जाडीकडे नीट लक्ष द्या. तीन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटर घेतली तर वजन पावणेदोन पट होतं, पण ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. जाडीतल्या एका मिलिमीटरला इतकी किंमत असते. अडीच मिलिमीटरची सळई मी एकदाच वापरली. कडक जमिनीत ती धनुष्यासारखी लवत राहिली आणि आत काही जाईना.

तंबूबरोबर फुकट येणाऱ्या पोलादी खुंट्यांचं वजन एकदा करून बघा. पाच मिलिमीटर जाड, आकड्यासकट 21 सेंटिमीटर लांब सळई 32 ग्रॅमची होते. अशा दहा म्हणजे 320 ग्रॅम. पाठीवरचं वजन कमी करायला निघालेल्या माणसाला एवढं सोपं दुसरं काही सापडत नाही.

लांबीबद्दल फार बोलायला नको. खोल गेलेली खुंटी उथळ गेलेलीपेक्षा कितीतरी जास्त धरते, कारण खाली माती जास्त दाबलेली आणि घट्ट असते. मुख्य बिंदूंना 18-19 सेंटिमीटर, बाकीच्यांना 15. त्याहून आखूड मी घेत नाही.

डोकं आणि खाच

खुंटी निवडताना बहुतेक जण टोक बघतात. मी डोकं बघते. पावसात, गारठलेल्या बोटांनी, अंधारात हात लागतो तो डोक्यालाच. वाय खुंटीच्या पात्यांच्या वरच्या कडा कधीकधी इतक्या धारदार असतात की तळहाताने दाबताना कातडी सोलते. घरी आल्यावर मी त्या कडांवरून बारीक कानस फिरवते, धार मोडेपर्यंत, जास्त नाही. मग खाच बघा. तणाव्याचा फास तिच्यात पूर्ण बसतो का? खाच उथळ असेल तर हिसक्याने दोरी वर सरकते. खाचेची आतली कड बोटाने चाचपा. ती टोचत असेल तर बारीक दोरीला ती रात्रभर कापत राहणार. तिथेही कानस.

उपटण्यासाठी डोक्यातल्या भोकात दोरीचा छोटा फास बांधलेला असायला हवा, नसेल तर दोन मिलिमीटरच्या दोरीचा बांधून घ्या. दोरी भडक केशरी किंवा पिवळी घ्या. राखाडी टायटॅनियम आणि गवत यांच्यात हरवलेली खुंटी शोधायला गुडघ्यावर बसून मी अर्धा तास घालवलेला आहे, आणि ती सापडली नाही. आकड्याच्या खुंट्यांना वरच्या बाजूला चमकदार रंगाचा पट्टा लावा. आतला भाग रंगवू नका, मातीत तो घासून निघतो आणि तिथेच राहतो.

माझा आजचा संच

मुख्य चार बिंदूंना 19 सेंटिमीटरच्या वाय, 14 ग्रॅमच्या: 56 ग्रॅम. चार कोपऱ्यांना छोट्या वाय, 10 ग्रॅमच्या: 40. बाजूच्या दोन तणाव्यांना जुन्याच टायटॅनियमच्या आकड्याच्या खुंट्या: 13. एकूण 109 ग्रॅम. आधीच्या 65 ग्रॅमच्या संचापेक्षा 44 ग्रॅम जास्त, म्हणजे तीन मोठे चमचे पाणी. पोलादी संचाच्या मानाने अजूनही एक तृतीयांश. लांबच्या वाटेवर एखादी छोटी वाय जादा ठेवते, कारण हरवणं किंवा वाकणं यातलं एक होतंच.

जमीन माहीत असेल तर संच बदला. कडक, दगडाळ प्रदेशात कोपऱ्यांच्या दोन वाय काढून आकड्याच्या चार मिलिमीटरच्या खुंट्या घ्या, त्या फटींतून जातात. कुजलेल्या पानांचा जाड थर असेल तिथे तो थर आधी हाताने बाजूला सारा आणि खऱ्या मातीत खुंटी रोवा. निघताना पानं परत पसरा. नुसत्या पानांच्या थरात 20 सेंटिमीटरची खुंटीही काही धरत नाही.

वाळू आणि बर्फ या दोन्हींत उभी खुंटी जवळजवळ निरुपयोगी. त्यासाठी 24-25 सेंटिमीटरच्या, रुंद पन्हाळीसारख्या, भोकं पाडलेल्या खुंट्या असतात, 20 ग्रॅमच्या पुढे. रुंद बाजू ओढीच्या आडवी येईल अशा रोवायच्या. पण एखाद-दुसऱ्या रात्रीसाठी त्या नेण्यापेक्षा असलेली खुंटी आडवी पुरा: हातभर खड्डा, खुंटीच्या मधोमध तणावा बांधायचा, खुंटी तणाव्याला काटकोनात आडवी ठेवायची, दोरी बाहेर यायला चर पाडायचा आणि वरून दाबून भरायचं. बर्फात भरल्यावर पायाने तुडवा आणि मग अर्धा तास हात लावू नका. दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटतात आणि तो ढेकळासारखा घट्ट होतो. लगेच ताण दिलात तर सगळं उपटून येईल. आडवी पुरलेली खुंटी सकाळी काढायला काहीतरी खणायचं साधन लागतं, ते विसरू नका.

खुंटी आतच जात नाही अशा कातळावर दोन दगड. लहान दगडाला तणाव्याचा फास, आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला येऊन अडतो. दोरी धारदार कडेवर घासत नाही ना तेवढं बघा, आणि निघताना दगड होते तिथे परत.

रोवणं आणि उपटणं

खुंटीचं डोकं तंबूपासून लांब, थोडंसं कललेलं ठेवा, फार नाही. 45 अंशांवर कलवली तर 19 सेंटिमीटरची खुंटी प्रत्यक्षात साडेतेरा सेंटिमीटरच खोल जाते. 70 अंशांवर जवळजवळ 18. तेवढी खोली मला जास्त महत्त्वाची वाटते. आकड्याचं तोंड तंबूच्या विरुद्ध बाजूला. तणावा जमिनीलगत लागला पाहिजे. खुंटी दोन बोटं वर राहिली आणि दोरी तिच्या डोक्याला असेल तर ती तरफेसारखी कलते.

आधी हाताने दाबा. अर्ध्यात दगड लागला तर जोर करू नका, खुंटी काढा आणि चार बोटं सरकून पुन्हा रोवा. वाकलेल्या खुंट्यांपैकी निम्म्या तरी या हट्टापायी वाकतात. दगडाने ठोकायचंच तर चपटा दगड घ्या आणि घाव सरळ डोक्यावर द्या. आकड्यावर पाय देऊन दाबू नका, आकडा उघडतो. आणि एकदा रोवल्यावर ती हलवून बघू नका. म्हणीतला खुंटा हलवून बळकट होत असेल, तंबूची खुंटी हलवली की भोक मोठं होतं. घट्ट बसली का हे तपासायचं असेल तर तणाव्याच्या दिशेनेच सावकाश ओढा.

पाऊस किंवा वारा वाढणार असेल तर झोपण्याआधी एक फेरी मारा. ओलं नायलॉन सैल पडतं, तणावे पुन्हा ताणावे लागतात. मुख्य खुंट्यांच्या डोक्यावर, तणाव्याला न लागेल असा, एकेक दगड ठेवा. त्या रात्री आम्ही शेवटी तेच केलं होतं: आकडा परत फिरवला, वर ताईने उचलून आणलेला दगड ठेवला, आणि उजाडेपर्यंत ती खुंटी हलली नाही.

घरी करून बघायची एक चाचणी सांगते, कारण तिने मला दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवलं. सामानाची बॅग मोजायचा लटकता काटा घ्या. मातीत एक आकड्याची आणि एक वाय खुंटी सारख्याच खोलीवर, हातभर अंतरावर रोवा. दोरी बांधून काट्याने जमिनीशी 30 अंशांवर सावकाश ओढा आणि खुंटी हलू लागेल तो आकडा लिहा. मग तिथेच पाणी ओतून अर्ध्या तासाने पुन्हा. मग एकदा हिसके देऊन. दोन्ही खुंट्यांतला फरक कोरड्या मातीत एवढा जाणवत नाही. ओल्या मातीत, हिसक्यांवर, तो हातालाच कळतो.

उपटताना तणावा धरून ओढू नका, तंबूचं कापड फाटतं. दुसरी खुंटी डोक्याखालच्या खाचेत किंवा फासात आडवी घाला आणि ज्या कोनात आत गेली त्याच कोनात वर ओढा. माती पुसून खुंट्या वेगळ्या जाड कापडाच्या पिशवीत भरा. तंबूच्या पिशवीत सुट्या टाकल्या तर पहिलं भोक त्याच पाडतात. विमानाने जाणार असाल तर त्या हाताच्या सामानात नको, जमा करायच्या बॅगेत टाका. आणि पिशवीचं तोंड बांधण्याआधी मोजा. ताई मोठ्याने मोजते, मी एकेक टाकते, आणि दहा झाल्याशिवाय आम्ही दोघीही पाठपिशवी उचलत नाही.